आईची रक्तदाबाची गोळी, अँजिओटेन्सिन आणि मेंदूचा बांध

कोरगुट (धागाकर्ती), १२ जून, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी. दोन महिने लिहीन लिहीन म्हणत होते, आज पाऊस धरून बसलाय आणि आई लवकर झोपलीय, म्हणून बसले.

आमचे घर गोव्यात, दुर्भाटला. आई ६८ वर्षांची. रक्तदाब अकरा वर्षे आहे, पण गोळी कधी चालू, कधी बंद. "बरे वाटते, मग कशाला?" हे तिचे ठरलेले उत्तर. एप्रिलमध्ये तिन्हीसांजेला तुळशीपाशी दिवा लावताना तिने मला हाक मारली आणि पुढे शब्दच फुटेना. उजवा हात जड. वीसेक मिनिटांत सगळे पूर्ववत झाले आणि ती उलट मलाच सांगू लागली की घेरी आली होती, उगाच गडबड नको. तरी १०८ बोलावली आणि बांबोळीच्या सरकारी इस्पितळात नेले. एमआरआयमध्ये मोठी गुठळी नव्हती. पण मेंदूच्या आतल्या भागात पांढुरके डाग होते, आणि दोन बारीक जुन्या जखमा, ज्या कधी झाल्या ते आम्हा कुणालाच कळले नव्हते.

इतर औषधांसोबत टेल्मिसार्टन ४० लिहून दिली. डॉक्टर म्हणाले, "ही रोज घ्यायची. ही नुसता आकडा उतरवत नाही, एक हार्मोन अडवते." मी दारातून परत आत गेले. आईला कसला हार्मोन? हार्मोन म्हणजे आपल्याला थायरॉइड नाहीतर पाळीचे माहीत. तिथून माझे वाचन सुरू झाले.

तो हार्मोन म्हणजे अँजिओटेन्सिन दोन. रक्तदाब पडला किंवा अंगातले मीठ-पाणी कमी झाले की मूत्रपिंड रेनिन सोडते. यकृताने तयार ठेवलेल्या एका प्रथिनाचा ते तुकडा पाडते. तो तुकडा रक्तवाहिन्यांच्या अस्तरावर, मुख्यतः फुप्फुसांत, आणखी कापला जातो आणि आठ अमिनो आम्लांची छोटीशी साखळी उरते. ती शिरा आवळते, तहान लावते, मीठ धरून ठेवायला लावते. रेनिन १८९८ मध्ये स्टॉकहोमला टिगरस्टेट आणि बेरीमान यांना सशाच्या मूत्रपिंडात सापडले. पुढची साखळी १९४० च्या सुमारास अर्जेंटिनात आणि अमेरिकेत दोन गटांना वेगवेगळी सापडली. एकाने हायपरटेन्सिन म्हटले, दुसऱ्याने अँजिओटोनिन. शेवटी १९५८ मध्ये दोन्ही नावे अर्धी-अर्धी जोडून अँजिओटेन्सिन केले. हा हार्मोन पेशीवरच्या ज्या कुलपात बसतो ते अडवणारी पहिली गोळी लोसार्टन, १९९५ ला अमेरिकेत मान्य झाली. टेल्मिसार्टन तिचीच बहीण.

आता मेंदूकडे. १८८५ मध्ये पाउल एर्लिश यांनी प्राण्यांच्या रक्तात रंग सोडला. सगळे अवयव रंगले, मेंदू कोराच राहिला. १९१३ मध्ये त्यांचेच शिष्य गोल्डमन यांनी उलट केले, रंग मेंदूभोवतीच्या पाण्यात सोडला. मेंदू रंगला, बाकीचे शरीर कोरे! म्हणजे रक्त आणि मेंदू यांच्यामध्ये पडद्यासारखे काहीतरी आडवे आहे. ते नेमके कुठे आहे हे १९६७ मध्ये इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली दिसले: मेंदूतल्या केशवाहिन्यांच्या अस्तराच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की मधून काही निसटत नाही. या केशवाहिन्या एकापुढे एक ठेवल्या तर सुमारे ६०० किलोमीटर भरतात. पणजीहून मुंबई गाठता येईल. तेवढ्या लांबीची ही राखण.

आमचे बाबा खाजनात शेती करायचे. ज्यांनी खाजन पाहिलेले नाही त्यांच्यासाठी: नदीचे खारे पाणी शेतात येऊ नये म्हणून चिखल, पेंढा आणि चिरे घालून बांध बांधतात, आणि त्यात मानस असते. ओहोटीला तिची दारे बाहेर उघडतात, शेतातले पाणी जाते, भरतीला ती आपोआप मिटतात. मेंदूचा हा पडदा वाचताना मला सारखा आमचा बांध दिसत होता. ती पेशींची शिवण म्हणजे बांध. आणि त्या पेशींत पंप असतात, नको ते आत आलेच तर पुन्हा रक्तात ढकलणारे, ती मानस.

बांध दोन कारणांनी जातो हे बाबा सांगायचे. एक, उधाणाला पाण्याचा जोर. दुसरे, खेकडे. खेकडे आतून पोखरत राहतात, बाहेरून बांध धड दिसतो, आणि एक दिवस साध्या भरतीलाही फुटतो. मला जे कळले ते असे की अँजिओटेन्सिन ही दोन्ही कामे करते. रक्तदाब वाढवते, तो पाण्याचा जोर. आणि पडद्याच्या पेशींवर स्वतः बसून शिवण सैल करते, ते खेकडे.

ज्या प्रयोगाने मला हे पटवले तो २०१४ चा, अमेरिकेत ऑगस्टा इथला. जन्मजात उच्च रक्तदाबाच्या उंदरांत पडदा गळत होता आणि रक्तातले अँजिओटेन्सिन मेंदूत जिथे त्याला बंदी आहे तिथे, हायपोथॅलॅमसमध्ये आणि मेंदूच्या देठात, पोचत होते. काही उंदरांना लोसार्टन दिले, काहींना हायड्रॅलझिन, म्हणजे हा हार्मोन न अडवता रक्तदाब उतरवणारे औषध. रक्तदाब दोन्हींनी उतरला. गळती मात्र लोसार्टनवाल्यांचीच थांबली. पाणी दोघांनीही उतरवले, खेकडे एकानेच हटवले!

आता विचारायचे असे: हे माणसांत कितपत खरे आहे? सगळ्या रक्तदाबाच्या गोळ्या मेंदूसाठी सारख्याच का? आणि ही गोळी चालू असताना घरात काय सांभाळायचे? जाणकारांनी लिहावे. आईसाठी विचारतेय, पण माझ्या वाड्यावर प्रत्येक दुसऱ्या घरात ही गोळी आहे.

---

चोडणची_फेरी, १२ जून, रात्री १०:२२

ताई, वाचताना अंगावर काटा आला. माझ्या वडिलांचेही असेच झाले होते, फक्त आम्ही त्या वीस मिनिटांना घेरी समजून घरीच थांबलो. आठव्या दिवशी मोठा झटका आला. वाचणाऱ्या सगळ्यांना हात जोडून सांगतो: तोंड वाकडे, हात गळलेला, बोलणे अडखळलेले, काहीही एक दिसले आणि लगेच बरे झाले तरी निघा. गुठळी विरघळवायचे औषध सहसा साडेचार तासांच्या आतच देता येते.

माझी शंका: मी स्वतः रक्तदाबाच्या अम्लोडिपिन गोळीवर आहे. ती हार्मोन अडवत नाही ना? मग बदलून मागू का?

---

फार्मसी_म्हापसा, १२ जून, रात्री ११:०५

कोरगुटताईंच्या तिसऱ्या प्रश्नाचे मी लिहितो. बावीस वर्षे काउंटरच्या मागे उभा आहे.

टेल्मिसार्टनचा असर चोवीस तास टिकतो, म्हणून दिवसाला एक. वेळ तीच ठेवा. गोळी सुरू केल्यावर साधारण एक-दोन आठवड्यांनी रक्तातले पोटॅशियम आणि क्रिएटिनिन (यावरून मूत्रपिंडाचे काम कळते) तपासायचे असते. लोक हीच तपासणी चुकवतात. ही गोळी पोटॅशियम धरून ठेवते, ते फार चढले तर हृदयाची लय बिघडते.

आपल्या गोव्यात यात दोन गोष्टी आड येतात. पहिली, शहाळ्याचे पाणी. त्यात पोटॅशियम भरपूर. कधीतरी एक प्यायले तर बहुतेकांना काही होत नाही, पण मूत्रपिंड कमजोर असताना रोज दोन-दोन शहाळी, "थंडावा" म्हणून, हे नको. दुसरी, कमी सोडियमचे म्हणून मिळणारे मीठ. त्यात सोडियमच्या जागी पोटॅशियम क्लोराइड असते. इतरांना ते चांगलेच, पण या गोळीवर असणाऱ्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घेऊ नये.

सगळ्यांत मोठी चूक गुडघेदुखीची. टेल्मिसार्टन, सोबत लघवीची गोळी, आणि वरून दुकानातून मागून घेतलेली डायक्लोफेनॅक किंवा आयब्युप्रोफेन. हे तिन्ही एकत्र आले की मूत्रपिंडाचा रक्तपुरवठा तिन्ही बाजूंनी आवळला जातो. आणि जुलाब-उलट्यांनी अंगातले पाणी गेले असेल तेव्हा गोळी चालू ठेवायची का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना फोन करून विचारा. गरोदर बाईने ही गोळी अजिबात घ्यायची नाही, बाळाच्या मूत्रपिंडांना इजा होते.

सरकारी आरोग्य केंद्रात रक्तदाबाच्या गोळ्या फुकट मिळतात. पैशांपायी कुणी सोडू नये.

---

झरीवाट, १३ जून, सकाळी ७:१५

धागा सुंदर, पण एक खटकले. उंदरांवर झाले म्हणून माणसाला लागू होत नाही. उंदरांचे अल्झायमर आजवर किती औषधांनी बरे झाले आणि माणसांचे एकानेही नाही! लोक हे वाचून स्वतःच्या गोळ्या बदलायला धावतील. वरच्या दादांनी लगेच विचारलेच.

---

मज्जातंतू, १३ जून, दुपारी २:५०

मी मेंदूविकारांच्या विभागात काम करते. रात्रपाळी संपवून लिहितेय, विस्कळीत वाटले तर समजून घ्या.

झरीवाट यांचा इशारा रास्त आहे, आणि कोरगुट यांचे वाचनही चुकीचे नाही.

आधी एक भर. बांध सगळीकडे नसतो. मेंदूत काही जागा मुद्दाम उघड्या ठेवलेल्या आहेत. तिथल्या केशवाहिन्या सच्छिद्र असतात, कारण मेंदूला रक्ताची चव घ्यावी लागते. तहान अशाच एका खिडकीतून कळते: रक्तातले अँजिओटेन्सिन तिथे येऊन टेकते आणि आपण पाण्याचा तांब्या शोधतो. विषारी काही पोटात गेले की उलटी होते ती दुसऱ्या खिडकीमुळे. म्हणजे हा हार्मोन मेंदूचा शत्रू नाही. त्याने खिडकीशी बोलायचे असते, घरात शिरायचे नसते. २०१४ च्या प्रयोगाचे महत्त्व हे की रक्तदाब जुना झाला की तो खिडकी सोडून भिंतीतूनच आत येतो, आणि आत तो रक्तदाब आणखी वाढवणारी केंद्रे चेतवतो. चक्र सुरू.

न्यूयॉर्कला कॉर्नेलमध्ये कोस्तान्तिनो इआदेकोला यांच्या गटाने पुढचा धागा पकडला. रक्तवाहिनीच्या बाहेरच्या अंगाला काही भक्षक पेशी बसलेल्या असतात, राखणदार म्हणा. गळतीतून आलेले अँजिओटेन्सिन त्यांना चिथावते आणि राखणदारच भिंत बिघडवू लागतात. इस्रायलच्या बेन गुरिऑन आणि अमेरिकेच्या बर्कली इथल्या संशोधकांनी तर गळतीतून रक्तातले अल्ब्युमिन हे प्रथिन आत गेले की फिट्स येऊ लागतात आणि लोसार्टन ते रोखते असे उंदरांत दाखवले, तेही २०१४ मध्येच.

आता माणसे. पडदा वयानुसार गळू लागतो हे जिवंत माणसांत एमआरआयने दिसले आहे. २०१५ च्या अभ्यासात ती गळती स्मृतीच्या केंद्रात, हिप्पोकॅम्पसमध्ये, आधी दिसली. पण गोळीने ती थांबते का? ब्रिटनमध्ये सौम्य ते मध्यम अल्झायमर असलेल्या २११ जणांवर लोसार्टन १०० मिलिग्रॅम विरुद्ध नकली गोळी अशी चाचणी झाली, वर्षभर. २०२१ मध्ये निकाल आला: मेंदूचे आक्रसणे कमी झाले नाही. आम्हा सगळ्यांना ते लागले. माझा स्वतःचा अर्थ असा की शेत खारे झाल्यावर बांध दुरुस्त करून त्या वर्षीचे पीक येत नाही. पण तो माझा अर्थ आहे, चाचणीने तसे सिद्ध केलेले नाही.

त्याच वर्षी १४ समूहांतल्या १२,८४९ वयस्कांची माहिती एकत्र पाहिली गेली. या हार्मोनसाखळीवरची जी औषधे मेंदूत शिरू शकतात, म्हणजे टेल्मिसार्टन, कँडेसार्टन, रामिप्रिल वगैरे, ती घेणाऱ्यांची आठवण तीन वर्षांपर्यंत थोडी बरी टिकलेली दिसली. हे नुसते निरीक्षण आहे. कोणी कुठली गोळी घ्यायची ते चिठ्ठ्या टाकून ठरवले नव्हते.

आणि सगळ्यांत भक्कम पुरावा कुठल्याही एका गोळीचा नाही, आकड्याचा आहे. २०१९ च्या स्प्रिंट-माइंड चाचणीत ९,३६१ जण होते. वरचा आकडा १४० खाली ठेवण्याऐवजी १२० खाली ठेवल्यावर स्मरणशक्तीची सुरुवातीची घसरण १९ टक्क्यांनी कमी झाली. त्यात मधुमेही घेतलेले नव्हते, हे आपण गोव्यात विसरू नये. २०२३ च्या राष्ट्रीय पाहणीत मधुमेहात गोवा देशात पहिला होता, २६.४ टक्के.

म्हणून चोडणची_फेरी, तुमचा आकडा अम्लोडिपिनवर ताब्यात असेल तर ती तशीच चालू द्या. पक्षाघात टाळण्यात ती उत्तम गोळी आहे. लघवीतून प्रथिने जात असतील किंवा मधुमेह असेल तर सार्टनची, म्हणजे लोसार्टन-टेल्मिसार्टन या जातीच्या गोळ्यांची, बाजू जड होते, पण तो निर्णय तुमच्या डॉक्टरांसोबत.

---

झरीवाट, १३ जून, दुपारी ३:३०

डॉक्टर, धन्यवाद. फसलेली चाचणी तुम्ही स्वतःहून सांगितलीत, म्हणून बाकीचेही पटले.

---

सुरंगी, १३ जून, रात्री ८:१०

मी इथे कधी लिहीत नाही, नुसती वाचते. स्तनाच्या कर्करोगाचे ऑपरेशन होऊन तीन वर्षे झाली, रोज लेट्रोझोल घेते. तीही हार्मोन, म्हणजे इस्ट्रोजेन, अडवणारीच ना? माझ्या वाचनात आले की इस्ट्रोजेन मेंदूचा पडदा राखते. मग मी रोज माझाच बांध पोखरतेय का? नावे आठवत नाहीत, दूध उतू जाते. घरी म्हणतात वयाने होते. रात्री हाच विचार येतो, गोळी हातात घेऊन बसते.

---

मज्जातंतू, १३ जून, रात्री ९:०२

सुरंगीताई, आधी गोळी घ्या, मग पुढचे वाचा.

तुम्ही वाचलेत ते खोटे नाही. बीजकोश काढलेल्या उंदरिणींत पडदा सैल होतो आणि इस्ट्रोजेन दिल्यावर सुधारतो. शिवणीतले एक महत्त्वाचे प्रथिन, क्लॉडिन-५, इस्ट्रोजेनमुळे वाढते. यावरूनच एके काळी वाटले होते की पाळी गेल्यावर बायकांना हार्मोन दिले की स्मृतिभ्रंश टळेल. अमेरिकेत ६५ च्या पुढच्या हजारो बायकांवर मोठी चाचणी झाली आणि २००३ ला उलटा निकाल आला. इस्ट्रोजेन-प्रोजेस्टिन घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश दुपटीने दिसला. उंदरिणीपासून बाईपर्यंतची वाट इतकी सरळ नसते, म्हणून लेट्रोझोलमुळे तुमचा पडदा फाटतोय असे कुणीही म्हणू शकत नाही.

"हार्मोन अडवला की पडदा वाचतो" हा नियमही नाही आणि "हार्मोन अडवला की पडदा जातो" हाही नाही. कुठला हार्मोन, यावर सगळे आहे. डेक्सामेथासोन तर स्वतः कॉर्टिसॉलसारखे आहे, अडवणारे नव्हे. तरी मेंदूत गाठ असून सूज आली की आम्ही तेच देतो, कारण ते गळती आवळते. १९६० च्या दशकापासून ते वापरात आहे.

तुमच्या विसराळूपणाला मात्र मी हलके घेत नाही. या उपचारात काही बायकांना तसे होते, आणि सोबत झोप, थायरॉइड, बी-१२, मनावरचा ताण हेही असते. यादी करून तुमच्या कर्करोगतज्ज्ञांना सांगा. लेट्रोझोल सोसत नसेल तर त्यांच्याकडे बदलायला दुसरी औषधे असतात. आपल्या मनाने बंद करू नका, तेवढे मला वचन द्या.

---

सुरंगी, १३ जून, रात्री ९:२०

घेतली. सोमवारी फोन करते. तीन वर्षांत हे मला कुणी बसून सांगितले नव्हते.

---

शेळपची_वाट, १४ जून, सकाळी ११:४०

सुरंगीताईंना खूप बळ.

पडद्याची दुसरी बाजू माझ्या घरची. बाबांना प्रोस्टेटचा कर्करोग, सत्तरी तालुक्यातून पणजीला खेपा घालतो. त्यांना लहानपणापासून अधूनमधून फिट्स यायच्या. टेस्टोस्टेरॉन अडवणारे औषध ठरवताना डॉक्टरांनी तीनदा विचारले, फिट्स कधी आल्या होत्या का? मग समजावले. एन्झालुटामाइड चांगले औषध, २०१२ पासून आहे, पण ते पडदा ओलांडून मेंदूत जाते आणि क्वचित कुणाला फिट आणते. चाचण्यांत शेकड्यात एकापेक्षाही कमी, पण ज्याला आधीच फिट्स आहेत त्याच्यासाठी धोका. डॅरोलुटामाइड २०१९ ला आले, ते मेंदूत फारसे शिरत नाही. बाबांना ते सुरू आहे. थकवा आहे, फिट एकही नाही.

म्हणजे बांध धड असला पाहिजे तो औषधांसाठीही. आधीचे आजार डॉक्टरांना लपवू नका. आमचे बाबा "लग्नात अडचण येईल" म्हणून आयुष्यभर फिट्स लपवत आले होते. सत्तराव्या वर्षी प्रथम बोलले.

---

आगरवाडो, १४ जून, दुपारी १:१५

मराठी शब्दांबद्दल: या पडद्याला रक्त-मेंदू अडथळा असे लिहिलेले पाहिलेय, पण अडथळा म्हटले की नकोसे काहीतरी वाटते. बांध हाच शब्द मला आवडला.

मिठाचे कुणी लिहिले नाही म्हणून लिहितो. माझे आजोबा मिठागरात राबले, मिठाविरुद्ध बोलताना मला जड जाते. पण पुरुमेंताचे, म्हणजे पावसाळ्यासाठी साठवलेले खायचे, दिवस आहेत. खारवलेला बांगडा, सुकी सुंगटां (कोलंबी), चेपणीची तोरं (मिठात मुरवलेल्या कैऱ्या), पेजेसोबत रोज काहीतरी खारट. जागतिक आरोग्य संघटना दिवसाला ५ ग्रॅमच्या खाली सांगते, म्हणजे चहाच्या एका सपाट चमच्याहून कमी, सगळे धरून. आम्ही तोरं रात्रभर साध्या पाण्यात ठेवतो, खारे दोनदा धुतो, आणि ज्या जेवणात किसमूर (सुक्या सुंगटांची कोशिंबीर) त्या आमटीत मीठ नाही. आईने पहिले आठ दिवस कुरकुर केली. आता बाहेरचे जेवण तिलाच खारट लागते.

---

कोरगुट, १५ जून, रात्री ९:१०

सगळ्यांचे आभार कसे मानू. आज आईला पूर्ण धागा वाचून दाखवला. सुरंगीताईंचे वाचताना ती रडली.

फार्मसीदादा, तुमचे वाचून धस्स झाले, कारण पोटॅशियमची तपासणी आमचीही राहिली होती. काल रक्त दिले, आज रिपोर्ट आला: ४.६, क्रिएटिनिन ठीक. गुडघ्यासाठी ती शेजारच्या काकूंकडून गोळी आणून घेत होती, हे काल विचारल्यावर कळले. पाकीट बघितले तर डायक्लोफेनॅक. बंद केली, डॉक्टरांना फोनवर सांगितले. मशीन आणलेय. सकाळ-संध्याकाळ आकडा वहीत लिहितो, या आठवड्यात १४८ वरून १३४ वर आलाय. आणखी खाली आणायचा का, ते २४ तारखेला विचारीन.

गोळी बंद करण्याबद्दल आता तिच्याशी वाद होत नाही. बाबा होते तेव्हा पावसाळ्यात रोज पहाटे कंदील घेऊन बांधावरून फेरी मारायचे, पाणी असो नसो, खेकड्यांची भोके शोधत. भोक सापडले की तिथल्या तिथे चिखल लिंपायचे. सकाळी मी गोळी आणि पाणी पुढे केले तर आई म्हणाली, "दे, बांधावर जाऊन येते."

मज्जातंतू, एक राहिले. तिचे शब्द अजून मधेच अडतात, विशेषतः संध्याकाळी. त्यासाठी वेगळे कुणाला दाखवावे का?

---

मज्जातंतू, १५ जून, रात्री १०:३५

हो. २४ ला जाल तेव्हा वाचा-उपचारतज्ज्ञांकडे चिठ्ठी मागा. संध्याकाळी कधी अडले, किती वेळ, काय बोलत होती, ते रक्तदाबाच्याच वहीत शेजारी लिहीत जा. आणि अचानक, नेहमीपेक्षा जास्त अडले तर २४ ची वाट पाहू नका.